‘पाठ चांगला झाला’: एका द्विशिक्षकी शाळेतील अध्यापन-चिंतनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, केंद्र आणि व्यक्ती यांची नावे दिलेली नाहीत व काही किरकोळ तपशील बदलले आहेत. शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरीचे वर्ग ज्या शिक्षकांकडे आहेत, त्यांच्याकडेच मुख्याध्यापकपदाचा प्रभार आहे; तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात आणि ती एका शिक्षिकेकडे आहेत. मुले त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून या लेखातही तोच उल्लेख केला आहे. बाईंची नोकरी दहा वर्षांहून अधिक झालेली, वर्गाच्या भिंती त्यांनी स्वतः केलेल्या तक्त्यांनी भरलेल्या, आणि गावात त्यांच्याविषयी तक्रार अशी कधी नव्हती. दिवाळीनंतर गावातील काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. या गोष्टीचा पुढे निष्पत्ती मोजताना संबंध येणार आहे.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत एका वर्षी असे ठरले की, प्रत्येक शिक्षकाने टाचणात, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या वहीत, ‘अध्यापनोत्तर चिंतन’ असा एक रकाना ठेवावा आणि पाठ झाल्यावर त्यात चार ओळी लिहाव्यात. यामागचा हेतू चांगला होता. शिक्षकाने आपल्याच कामाकडे परत वळून पाहावे, हा विचार शिक्षणशास्त्रात नवा नाही. जॉन ड्युई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अनुभव आणि त्यावरील विचारपूर्वक चिंतन यांत फरक केला होता, आणि डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये काम करता करता होणारे चिंतन व काम संपल्यावरचे चिंतन असे त्याचे दोन प्रकार मांडले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2009 च्या आराखड्यातही चिंतनशील शिक्षक घडवण्याची भाषा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तर प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे.

तरीही या रकान्याचे पुढे काय होणार, याचा अंदाज केंद्रातील जुन्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी आला असावा, कारण त्यांनी वर्णनात्मक नोंदींचा अनुभव घेतलेला होता. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने आपल्या शब्दांत नोंद करावी, ही त्यातली अत्यंत चांगली तरतूद होती. पण नोंदी तपासल्या जाणार असे दिसताच तयार नोंदींच्या पुस्तिका आणि पुढे त्यांच्या पीडीएफ फायली शिक्षकांमध्ये फिरू लागल्या. ‘वर्गात नेहमी हसतमुख असतो’ हे वाक्य किती मुलांच्या नावावर लागले असेल, ते सांगता येणार नाही.

अडचण

बाईंच्या टाचणात चिंतनाचा रकाना कधीच रिकामा नव्हता. ‘पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचा जादा सराव घेण्यात येईल.’ किरकोळ शब्दबदल सोडले तर हाच मजकूर भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्ही विषयांखाली होता, आणि त्याखाली दर आठवड्याला मुख्याध्यापकांची सही होती.

एका शाळाभेटीत केंद्रप्रमुखांसमोर टाचण आणि चौथीच्या आकारिक (सत्र चालू असताना घेतल्या जाणाऱ्या) चाचणीच्या उत्तरपत्रिका एकाच वेळी आल्या. चाचणीत 503 मधून 278 वजा करण्याचे उदाहरण होते. निम्म्याहून अधिक मुलांचे उत्तर चुकले होते, आणि ज्या आठवड्यात हातच्याची वजाबाकी शिकवली, त्या आठवड्याच्या रकान्यात मात्र पाठ चांगला झाल्याची नोंद होती. केंद्रप्रमुखांनी याचा पहिला अर्थ बेफिकिरी असा लावला. तो चुकीचा होता, पण अनैसर्गिक नव्हता.

प्रस्तुत लेखक त्या केंद्रात शैक्षणिक साहाय्यासाठी जात असल्यामुळे केंद्रप्रमुखांनी हा विषय त्याच्यासमोर काढला, आणि पुढच्या भेटीत बाईंशी सविस्तर बोलणे झाले. बाईंचे म्हणणे सरळ होते. “सर, खरं लिहिलं की खाली शेरा येतो. ‘सुधारणा करावी’ असा शेरा एकदा पडला की पुढच्या भेटीत त्याचं काय केलं ते विचारतात. आणि मुलांना वजाबाकी आली नाही हे मलाही दिसतं, पण का आली नाही ते कळलं असतं तर ते लिहिलं असतं ना.”

या उत्तरात दोन वेगळ्या अडचणी आहेत. एक भीतीची, म्हणजे तपासली जाणारी वही. दुसरी साधनाची, म्हणजे पाठ संपल्यानंतर नेमके कशाकडे पाहायचे हेच माहीत नसणे. पहिली दूर केली तरी दुसरी उरते. शिक्षकांना मोकळीक दिली की चिंतन आपोआप सुरू होते असे मानणाऱ्यांचे याकडे दुर्लक्ष होते.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय प्रशिक्षणाचा होता. गणिताच्या विषय साधन व्यक्तीकडून (शिक्षकांना त्या विषयात मार्गदर्शन करणाऱ्याकडून) हातच्याच्या वजाबाकीचा आदर्श पाठ घ्यायचा आणि बाईंनी तो पाहायचा. याने एका घटकाचा प्रश्न कदाचित सुटला असता. पण बाईंनी आजवर अशी कितीतरी प्रशिक्षणे केली होती आणि आदर्श पाठ आपल्या वर्गात का चालत नाही, हे शोधण्याची रीत त्यांतून हाती लागलेली नव्हती.

दुसरा पर्याय केंद्रप्रमुखांच्या मनात होता. रकाना मोघम आहे म्हणून उत्तरे मोघम येतात, तेव्हा ‘काय घडले, का घडले, पुढे काय करणार’ अशा प्रश्नांचे प्रपत्र छापून द्यावे. चिंतनाच्या अशा पायऱ्या सांगणारी प्रारूपे आहेत आणि ती निरुपयोगी मुळीच नाहीत. मात्र ज्या वहीवर वरिष्ठांची सही होते, तिच्यात सहा प्रश्न घातले तर एका ठरावीक वाक्याच्या जागी सहा ठरावीक वाक्ये येतील, अशी शंका लेखकाने मांडली.

रकाना काढूनच टाकावा असे प्रभारी मुख्याध्यापकांचे मत होते. दोन वर्गखोल्या, चार इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरण्याचे काम आणि त्यात ही भर कशाला, हा त्यांचा आक्षेप खोडून काढण्याजोगा नव्हता.

चौथा पर्याय चर्चेतून पुढे आला. चिंतन टाचणाबाहेर न्यावे, ते एकट्याने न करता दुसऱ्या एखाद्या शिक्षकासोबत करावे, आणि बोलण्याचा आधार शिक्षकाचे मत नसून मुलांच्या वह्या असाव्यात. केंद्रप्रमुखांनी त्यावर रास्त प्रश्न विचारला: “मी पाहणारच नसेन, तर काही होतंय की नाही हे मला कळणार कसं?” अखेर तडजोड अशी झाली की, टाचणात चिंतन लिहायचे नाही, तर आधीच्या पाठावरून उद्याच्या पाठात काय बदलले, एवढी एकच ओळ लिहायची. बदल दिसला तर त्यामागे विचार झाला असावा, असे धरायचे. उरलेले सर्व बाईंच्या स्वतःच्या वहीत, जी कोणी मागणार नाही.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, असे लेखकाचे मत आहे. तो घेणे केंद्रप्रमुखांना सोपे नव्हते, कारण दाखवता येईल असा कागद त्यांनी त्यात सोडून दिला.

सोबती कोण असावा, हा दुसरा निर्णय. त्याच शाळेतील सहकारी सर्वांत जवळचे होते, पण टाचणावर सही करणारेही तेच. म्हणून शेजारच्या वस्तीवरील शाळेतील एका शिक्षिकेची निवड झाली. त्यांच्याकडेही चौथीचा वर्ग होता आणि नोकरीची वर्षे जवळपास सारखी होती. शनिवारी शाळा सकाळची असल्याने दुपारी तासभर भेटायचे ठरले.

प्रत्यक्ष काय केले

भेटींसाठी एकच नियम ठेवला. पहिल्या अर्ध्या तासात चांगला, वाईट, हुशार, कच्चा ही विशेषणे वापरायची नाहीत. मुलाने काय लिहिले आणि ते कसे आले असेल, इतकेच बोलायचे. दोन्ही शिक्षिकांना आरंभी हा नियम बालिश वाटला, आणि तो पाळणे फार अवघड आहे हे पहिल्या पाच मिनिटांतच दिसले. ‘हा मुलगा मुळातच कच्चा आहे’ हे वाक्य तोंडात इतके बसलेले असते की, ते आवरल्यावर पुढे काय बोलावे ते सुचत नाही.

बाईंनी त्याच चाचणीच्या उत्तरपत्रिका आणल्या होत्या. 503 वजा 278, उत्तर 225. चुकलेल्या उत्तरांच्या त्यांनी केवळ फुल्या मोजल्या होत्या. आता ती उत्तरे एकाखाली एक लिहून काढली, तेव्हा त्यांत चारच संख्या वारंवार येत असल्याचे दिसले: 375, 275, 235 आणि 325. मुले निष्काळजीपणाने चुकली असती तर उत्तरे वाटेल तशी आली असती. येथे प्रत्येक चुकीमागे एक पक्की रीत होती. 375 लिहिणारी मुले प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, मग तो वर असो की खाली: आठातून तीन, सातातून शून्य, पाचातून दोन. 325 लिहिणाऱ्यांनी एककात तेरा आणि दशकात नऊ बरोबर केले होते, पण शतकातला एक कमी करायचे राहिले होते. 235 मध्ये शतक सुटे करून दशकस्थानी दहा आले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर दहाचे नऊ झाले नव्हते. आणि 275 लिहिणाऱ्यांनी तर शतकातून एक उचलून तो दशक ओलांडून थेट एककाला दिला होता, आणि शून्यातून सात जात नाहीत म्हणून दशकस्थानी सातच उतरवले होते.

वजाबाकीतील चुका अशा नियमबद्ध असतात, हे जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्येच दाखवले आहे, आणि त्यांच्या यादीत शून्यावरून हातचा घेण्याच्या चुका ठळक आहेत. बाईंना हे आधी सांगता आले असते. ते मुद्दाम नंतर सांगितले, कारण उत्तरांचा क्रम स्वतः लावून पाहण्यात जे हाती लागले, ते यादी वाचून लागले नसते.

275 ही रीत मुलांनी कोठून आणली, हा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. सोबती शिक्षिकेने सुचवले की, पुढच्या वेळी हा घटक घेताना मोबाइल टेबलावर ठेवून फक्त आवाज रेकॉर्ड करावा. चित्रीकरण नको, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. कॅमेरा लागला की मुलेही वेगळी वागतात आणि आपणही, हे त्यांचे कारण पटण्यासारखे होते. रेकॉर्डिंग त्यांच्याच मोबाइलमध्ये राहील आणि ऐकून झाल्यावर पुसले जाईल, असे ठरले.

त्या रेकॉर्डिंगमध्ये शून्याच्या ठिकाणी बाईंचे समजावून सांगणे असे होते: “एकक शेजारच्या दशकाकडं उसनं मागायला गेला. दशकाच्या घरी काय आहे? शून्य. काहीच नाही. मग काय करायचं? त्याच्या पुढच्या घरी जायचं. शतकाकडून एक आणायचा, आणि आपल्या घरी आले तेरा.” गोष्ट मुलांना आवडली होती, हसण्याचे आवाज आले होते, म्हणजे उत्स्फूर्त प्रतिसाद होताच. आणि 275 लिहिणाऱ्या मुलांनी बाईंचे शब्द तंतोतंत पाळले होते. ती शतकाच्या घरी गेली, एक आणला, आपल्या घरी तेरा केले. वाटेतल्या दशकाचे काय झाले, ते गोष्टीत नव्हतेच.

बाईंनी हा भाग दोनदा ऐकला. “मी इतकी वर्षं हेच सांगत आले,” एवढेच त्या बोलल्या. सोबती शिक्षिका म्हणाल्या, “मॅडम, मीही हेच सांगते,” आणि त्या क्षणी ही बैठक एका शिक्षिकेची तपासणी न राहता दोघींसमोरचा एक प्रश्न झाली. येथे अधिकारी उपस्थित असता तर काय झाले असते, याचा वाचकाने अंदाज करावा.

पुढचा पाठ खेळण्यातल्या नोटांवर बेतला. शंभराच्या पाच नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी मुलांच्या हाती, आणि दुकानदाराला द्यायचे 278 रुपये. सुटे नाहीत, म्हणून शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्यायच्या, त्यांतली एक मोडून रुपयाची दहा नाणी घ्यायची. आता हाती शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी. दशकस्थानी नऊ का येतात, यावर बाई काही बोलण्याआधी एक मुलगी म्हणाली, “बाई, दहातली एक मोडली ना, मग नऊच ऱ्हायल्या की.”

येथे हे प्रकरण संपले असते तर ते फार सोयीचे झाले असते. 375 लिहिणाऱ्या मुलांचे मात्र काही केल्या बदलेना. त्यांतील एका मुलाने नोटांनी व्यवहार अचूक केला, शिल्लक 225 रुपये मोजून दाखवले, आणि लगेच वहीत तेच उदाहरण मांडून 375 लिहिले. दोन्ही उत्तरे समोर असताना त्याला त्यात काहीच खटकले नाही. बाईंनी आपल्या वहीत लिहिले (ही ओळ त्यांच्या परवानगीने येथे दिली आहे): ‘नोटांचे उत्तर बरोबर, वहीतले चूक, आणि त्याला दोन्ही खरी वाटतात. म्हणजे वहीतली वजाबाकी त्याच्या लेखी पैशांची नाहीच, ती फक्त अंकांची आहे.’ रकान्यातल्या जुन्या नोंदीशेजारी ही ओळ ठेवली की बदल कोठे झाला, ते वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर त्यांनी रीत बदलली. प्रत्येक नोट मोडली की लगेच थांबायचे आणि तेवढीच एक खूण वहीत करायची. नोटांचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत लेखन लांबवायचे नाही. हे काम संथ गतीने चालले आणि त्यात तिसरीच्या मुलांचा वेळ खर्ची पडला.

निष्पत्ती

पहिल्या आणि शेवटच्या चाचणीची तुलना येथे मुद्दाम दिलेली नाही. दिवाळीनंतर वर्गातील काही मुले ऊसतोडीला गेली, दोन्ही चाचण्यांना हजर असलेला गट लहान राहिला, आणि अशा गटावरून टक्केवारी काढणे दिशाभूल करणारे ठरेल. इतके सांगता येते की, जी मुले सलग वर्गात होती त्यांच्या वह्यांतून 275 हे उत्तर नाहीसे झाले, 325 आणि 235 क्वचित दिसू लागले, आणि 375 लिहिणाऱ्यांपैकी काही जण सत्र संपेपर्यंत तेथेच होते.

बाईंच्या कामात झालेला बदल अधिक स्पष्ट आहे. त्यांनी पुढे भागाकाराच्या घटकात कोणी न सांगता चुकीच्या उत्तरांची वर्गवारी केली. टाचणातील एका ओळीची नोंद मात्र काही आठवड्यांनंतर पुन्हा मोघम होऊ लागली, आणि त्याचा केंद्रप्रमुखांनी बाऊ केला नाही.

मग शिक्षण परिषदेत हा अनुभव मांडण्याची वेळ आली. रेकॉर्डिंगचा तो तुकडा केंद्रातील सर्वांना ऐकवावा, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावरही टाकावा, अशी सूचना आली. सूचना कौतुकापोटीच होती. बाईंनी नकार दिला. फक्त चार चुकीची उत्तरे फळ्यावर लिहीन आणि ती कशी आली असतील ते सगळ्यांना विचारीन, असे त्या म्हणाल्या. केंद्रप्रमुखांनी आग्रह सोडला. त्या सत्रात 275 वर आल्यावर ‘पुढच्या घरी जायचे’ हे आपणही सांगतो, असे तीन-चार शिक्षकांनी आपणहून कबूल केले. रेकॉर्डिंग वाजले असते तर सभागृहात बाईंची चूक ऐकली गेली असती, ही कबुली आली नसती.

वरच्या स्तरावर मात्र या सत्राचा अर्थ वेगळा निघाला. चिंतनाचा उपक्रम यशस्वी झाला असे समजून सर्व शाळांसाठी एक गुगल फॉर्म आला, साप्ताहिक आणि अनिवार्य. त्यात आलेल्या उत्तरांचा नमुना लेखकाने पाहिला आहे. ‘पाठ चांगला झाला’ त्यात होतेच.

वेगळे काय करता आले असते

आरंभ जूनमध्ये व्हायला हवा होता. चाचणीपर्यंत वाट पाहिल्यामुळे कामाचा मुख्य भाग दिवाळीच्या आगेमागे आला, आणि ज्या मुलांची शाळा सर्वांत जास्त बुडते, त्यांनाच त्याचा सर्वांत कमी लाभ झाला.

प्रभारी मुख्याध्यापकांना बाजूला ठेवण्याचा निर्णय तत्त्वतः बरोबर असला तरी तो त्यांना नीट समजावून सांगितला गेला नाही. आपल्याच शाळेतील शिक्षिका शनिवारी दुसऱ्या शाळेतील शिक्षिकेशी वर्गाबद्दल बोलते, हे त्यांना खटकले आणि काही काळ स्टाफमध्ये अबोला राहिला. दोनच माणसांच्या शाळेत ही बाब किरकोळ नसते. त्यांनाही तिसऱ्या एखाद्या शाळेत सोबती मिळवून देता आला असता, म्हणजे ही व्यवस्था एकीपुरती विशेष आहे असे वाटले नसते.

मुलांना कोणी काही विचारले नाही, ही आणखी एक उणीव. स्टीफन ब्रुकफिल्ड यांनी शिक्षकाने आपल्या कामाकडे ज्या चार भिंगांतून पाहावे असे सुचवले आहे, त्यांत विद्यार्थ्यांची नजर हे एक आहे. येथे मुलांच्या वह्या पाहिल्या गेल्या, पण ‘तू हे कसं केलंस, सांग बरं’ असे 375 लिहिणाऱ्या मुलाला शेजारी बसवून पहिल्याच आठवड्यात विचारले असते, तर स्तंभातल्या अंकांना तो संख्या मानतच नाही, हे पुष्कळ आधी कळले असते.

वेळेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. शनिवारची दुपार बाईंच्या स्वतःच्या वेळातली होती. धोरणात म्हटलेल्या 50 तासांत या भेटी मोजाव्यात, अशी मागणी आता केंद्रातील शिक्षकांनी केली आहे आणि ती योग्य आहे. पण मोजायचे तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हटला की अहवाल, छायाचित्रे आणि वहीची तपासणी हे सारे मागच्या दाराने परत येते. तारीख आणि दोघींच्या सह्या एवढाच पुरावा मान्य व्हावा, विषय व मजकूर विचारला जाऊ नये, असा प्रस्ताव केंद्रप्रमुखांनी वर पाठवला आहे. हे लिहीपर्यंत त्यावर उत्तर आलेले नाही, आणि दरम्यान सोबती शिक्षिकेचे नाव बदलीच्या यादीत आले आहे.